सगळे कप सारखे

६ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तोंडी बोललेलं लोक सोयीने फिरवतात. उद्या काही झालंच तर माझ्याजवळ तारीखवार काहीतरी असावं. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की. कुठे, ते शोधायचं आहे.

वर्ष बदललं तेव्हा मी आठवडाभर सर्दीने अंथरुणात होते. बरी होऊन कामावर गेले, तर चाखणी खोलीतला चहाच बदललेला. रंग तोच. तुरटपणा तोच, कडूपणाही जिभेला बरोबर लागतो. पण मधलंच काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं. मळेवाले फसवताहेत की आपल्याच गोदामात कुणी हात मारतंय? मी आजारी असताना त्या खोलीत एकटं कोण होतं? मांजर.

मांजर म्हणजे माझी नवी मदतनीस. चालताना पावलांचा आवाज येत नाही, म्हणून मी मनातल्या मनात हे नाव ठेवलं आहे. तिच्याकडे खाद्यशास्त्राची पदवी आहे. माझ्याकडे पदवी नाही, नाक आहे. ती सध्या कच्च्या नेमणुकीवर आहे. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते माझ्या मूल्यमापनावर ठरणार. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा शब्द शेवटचा." ऐकून बरं वाटलं. पण मग घरी येताना वाटलं, ही मुलगी माझ्याच खुर्चीसाठी आणलेली नसेल कशावरून? साहेब गोड बोलतात तेव्हा मी जास्त सावध असते.

८ जानेवारी

ही वही पुढेमागे कुणाला दाखवायची वेळ आली तर आमचं काम समजायला हवं, म्हणून लिहिते. रोज सकाळी आलेल्या प्रत्येक लॉटचा एक कप मांडला जातो. किटलीकाका उकळतं पाणी ओततात, वाळूचं घड्याळ उलटं करतात. वाळू संपली की मांजर चहा गाळते आणि लांब टेबलावर कपांची ओळ लावते. मी चमचा घेऊन ओळीने जाते. घोट मोठ्याने ओढायचा, जिभेवर फिरवायचा, तस्तात थुंकायचा, दहापैकी गुण सांगायचे. पाचाच्या खाली गेला की तो लॉट परत. माझ्यामागून मांजरही चाखते आणि गुण देते, पण तिचे गुण शिकण्यापुरते. माल माझ्या गुणांवर जातो.

आणि अधूनमधून "जुळे" असतात. म्हणजे एकाच लॉटचे दोन कप न सांगता ओळीत लावायचे. चाखणाऱ्याने दोघांना सारखे गुण दिले, तर त्याची जीभ ताळ्यावर आहे. ही पद्धत मीच सुरू केली. जुळ्यांनी आजवर दोघांना चाखणीतून उचलून गोदामात बसवलं आहे. वाईट वाटलं होतं, पण चाखण्याच्या कामात दयामाया करून चालत नाही.

९ जानेवारी

आज रात्रीच्या जेवणात सुनेने केलेली वांग्याची भाजी. मीठ बरोबर. तिखट बरोबर. पण भाजीच नाही. भिजवलेला कागद चावल्यासारखं झालं. सून विचारते, "आई, कशी झालीय?" हे लगेच म्हणाले, "दहापैकी आठ." हे शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाले तरी पेपर तपासणं सुटलेलं नाही. मी तीन दिले. सुनेचं तोंड एवढंसं झालं.

मग हे म्हणाले, "अगं, तुझी सर्दी अजून उतरली नसेल."

मी म्हटलं, "माझी सर्दी उतरलीय. तुमची जीभच सुनेच्या बाजूने झालीय." त्यावर ह्यांनी आणखी भाजी वाढून घेतली.

गुण द्यायची मला सवयच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बसच्या ड्रायव्हरला ब्रेकचे चार. धाकट्या जावेच्या बोलण्याला तीन, हसण्याला सात. सगळेच मनात गुण देतात. मी तोंडावर देते, एवढाच फरक.

१५ जानेवारी

मांजर नीटनेटकी नाही. इतके दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. आमच्या टेबलावर सगळ्या कपांचे कान उजवीकडे हवेत, रेघ मारल्यासारखे. रोज एका कपाचा कान जरासा आत वळलेला असतो. बघितलं की माझं डोकं फिरतं आणि हात आधी तिकडेच जातो.

नाकाचं म्हणाल तर शाबूत आहे. या आठवड्यात मी जे लॉट परत पाठवले, ते सगळे गोदामात पुन्हा उघडून बघितले आणि प्रत्येकात खोट निघाली. एकात पोत्याचा कुबट वास, एकात धूर. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या नाकाला तोड नाही." मांजर खाली बघून हसली. कशाला हसली?

२० जानेवारी

आज जुळ्यांनी मला धरलं.

चाखून झाल्यावर किटलीकाका म्हणाले, "बाई, तिसरा आणि नववा एकच होता." मी तिसऱ्याला आठ दिले होते आणि नवव्याला पाच. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. मी काकांना विचारलं, दोन्ही एकाच वेळी भिजवले होते का? ते म्हणाले, "एकाच किटलीतून, एकाच वाळूवर." काकाही फितूर झाले असावेत असा विचार डोक्यात येऊन गेला.

तेवढ्यात मांजर पुढे झाली. म्हणाली, "बाई, नवव्यात माझ्याकडून पानं कमी पडली असतील. चूक माझी."

म्हणजे कबूल केलं. काकांच्या देखत. मी तारीख घालून इथे लिहून ठेवते आहे. मात्र एक कळत नाही. मला पाडायचा डाव असता तर कबूल कशाला केलं असतं? की भरवसा बसावा म्हणून आधी लहान चूक पदरात घ्यायची आणि मग मोठी खेळी करायची? साळसूद माणसं असंच करतात.

२२ जानेवारी

सुट्टी होती. सून बाहेर गेली आणि नातवाला माझ्याजवळ ठेवलं. दोघं मजेत खेळत बसलो. सून परत आली, दारातच थबकली, नाकाला पदर लावला आणि पोराला उचलून आत पळाली. "आई, केव्हापासून असाच आहे हो?" मी म्हटलं, मला काय माहीत, रडला नाही, कुरकुरला नाही. हल्लीचे डायपर फार चांगले येतात. आमच्या वेळी एवढं सुख नव्हतं.

मग चहा टाकायला गेले. दूध पातेल्यात ओतलं, आधण आलं, चहा झाला. ह्यांनी कप तोंडाजवळ नेला आणि तसाच मोरीत ओतला. "दूध फाटायच्या बेतात आहे. तुला वास कसा आला नाही?"

मी म्हटलं, "मी चाखणी खोलीत आयुष्य काढलं आणि आता तुम्ही मला दुधाचा वास शिकवा." ह्यांनी कप विसळला, पालथा घातला आणि पेपर घेऊन बसले. मी माझा कप पूर्ण प्यायले. काही वाईट नव्हता. पोटात मात्र संध्याकाळी गडबड झाली, ती सुनेच्या भाजीने.

२६ जानेवारी

संशय खरा निघाला. मी बाजारातून येत होते आणि लांबूनच बघितलं, आमच्या दारात मांजर उभी. हे उंबऱ्यात. दोघं डोकं जवळ नेऊन बोलत होते. मी जवळ पोचेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला वळलीसुद्धा. म्हटलं ना, पावलांचा आवाज नाही.

"कोण होती?"

"रस्ता विचारत होती," हे म्हणाले.

ह्यांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना कानाची पाळी चोळतात. लग्नापासून बघते आहे. माझ्या हाताखालची मुलगी माझ्या पाठीमागे माझ्याच नवऱ्याशी काय बोलते? वेडंवाकडं काही नाही, एवढा भरवसा मला आहे, आणि ह्यांच्या गुडघ्यांवर तर जास्तच आहे. पण माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय आणि त्यात घरचेही आहेत. जेवताना सुनेने आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या उचलला तेवढ्यात दोघांनी नजरा फिरवल्या.

२ फेब्रुवारी

आज कपांच्या कानांचा सोक्षमोक्ष लावला. सगळ्यांदेखत मांजरीला सांगितलं, उद्यापासून एकही कान वाकडा दिसता कामा नये, मी पट्टी लावून बघेन.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाई, असू दे ना एखादा वाकडा."

किती हा आगाऊपणा. मी म्हटलं, "घरी ठेव वाकडे. इथे चालणार नाहीत." ती काही तरी बोलणार होती. किटलीकाकांनी खोकून तिला गप्प केलं, तेही मी टिपलं.

७ फेब्रुवारी

आता टेबल बघत राहावंसं वाटतं. एकूण एक कान सरळ. आणि गंमत म्हणजे मालही सुधारला. या आठवड्यात एकही लॉट परत पाठवावा लागला नाही. सगळे सात, साडेसात. सगळे जवळपास सारखेच. मळेवाल्यांना माझा वचक बसला असणार.

चाखून झाल्यावर मांजर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, चौथा कप पुन्हा एकदा बघता का?" तिने चौथ्याला दोन गुण दिले होते. मी सात. मी म्हटलं, "तू पुन्हा बघ. तुला शिकायचंय." लॉट पुढे गेला. ती तशीच कप धरून उभी राहिली. माझ्या गुणांवर शंका घेणारी ही पहिलीच.

१६ फेब्रुवारी

बोलवत नाही इतका राग आलाय, म्हणून लिहिते.

७ तारखेचा चौथा लॉट परत आला. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून, पेट्यांच्या पेट्या. म्हणे झाकण उघडताच रॉकेलचा भपका येतो. पोती ज्या गाडीतून आली तिच्यात रॉकेल सांडलं होतं म्हणे. साहेबांनी एक पेटी टेबलावर उघडली. किटलीकाका खिडकीकडे सरकले. साहेबांनी रुमाल काढला. मांजर जमिनीकडे बघत होती.

मी वाकून बघितलं. चहा म्हणून चहा. चांगला काळाभोर, एकसारखा दाणा. सगळ्यांनी मिळून नाटक करावं तसं ते दृश्य होतं. मी म्हटलं, माझ्या टेबलावर आला तेव्हा हा लॉट स्वच्छ होता, त्यानंतर कुणीतरी काही मिसळलं. असं म्हणताना मी मांजरीकडे बघितलं आणि सगळ्यांनी ते बघितलं.

साहेब मांजरीला म्हणाले, "तू चाखला होतास ना? तुला काही जाणवलं नाही?"

तिने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी अजून शिकतेय, साहेब."

दोन गुण दिले होते, ते सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आता मला उघडं पाडेल. का नाही पाडलं? मोठ्या संधीसाठी राखून ठेवलं असेल. साहेब म्हणाले, १ मार्चला बाहेरचा परीक्षक बोलावतो, चाखणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होईल. आणि तिचं मूल्यमापन आता लवकर द्या.

१९ फेब्रुवारी

ह्यांनी कान दाखवायला डॉक्टरकडे जायचं काढलं, सोबतीला मला नेलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर. ह्यांचा कान दोन मिनिटांत उरकला आणि डॉक्टर माझ्याकडे वळले. "आलाच आहात तर ताई, तुमचंही बघू."

मला डाव लगेच कळला. पण मी कच्ची नाही. त्यांनी डोळे मिटायला सांगून छोट्या बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या. मी पापण्यांच्या फटीतून बघत होते. पहिल्या बाटलीच्या तळाशी काळसर पूड होती. मी म्हटलं, कॉफी. दुसरीत पिवळं. लिंबू. डॉक्टर हूं हूं करत होते. तिसरी मात्र काळ्या काचेची. बराच वेळ हुंगलं. मग हसून म्हटलं, "डॉक्टर, ही रिकामी आहे. असल्या युक्त्या आम्ही चाखणीत रोज करतो."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी तोंडावर रुमाल घट्ट धरला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. कानाचं दुखणं नाकात उतरलं असेल. डॉक्टरांनी बाटलीला बूच लावलं आणि खिडकी उघडली.

येताना बसमध्ये ह्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता. मी विचारलं, तुमच्या कानाचं काही गंभीर आहे का? नाही म्हणाले.

२३ फेब्रुवारी

मूल्यमापन लिहिलं. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते. मी सूड उगवणारी बाई नाही. जे आहे तेच लिहिलं. मांडणीत हलगर्जी, सांगूनही हट्ट. पानं कमी टाकल्याची स्वतःची कबुली. वरिष्ठांच्या गुणांवर शंका. भरवशाची नाही. कायम करू नये.

ह्यांनी विचारलं, "काय लिहिलंस त्या मुलीबद्दल?" मी सांगितलं.

"अगं, तिच्या आईचं सगळं तिच्यावर आहे. ही नोकरी गेली तर..." आणि थांबले.

"तिच्या आईचं तुम्हाला काय माहीत?"

कानाची पाळी. मी पुढे विचारलंच नाही. पाकीट चिकटवलं. सुनेने मध्ये तोंड घातलं, "आई, पाठवायच्या आधी एक दिवस थांबा ना." एक दिवस थांबून काय होणार? तेवढ्यात दोघं मिळून मला वळवणार.

२५ फेब्रुवारी

मांजर गेली. साहेबांनी बोलावलं, दहा मिनिटांत बाहेर आली. आपला चमचा धुतला, पुसला, जाग्यावर ठेवला. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "येते, बाई." आणखी काही नाही. दारापर्यंत गेली तेव्हा पहिल्यांदाच तिच्या पावलांचा आवाज ऐकला.

किटलीकाका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला हलकं वाटायला हवं होतं. खरं लिहायचं तर वाटत नाही.

१ मार्च

परीक्षक किडकिडीत, शांत माणूस. पाणी त्यांनीच ओतलं, कप त्यांनीच मांडले. मला म्हणाले, "या ओळीत दोन लॉट खराब आहेत आणि एक जुळं आहे. शोधा. वेळेची घाई नाही."

मी पहिला घोट घेतला. तुरट, थोडा कडू. दुसरा. तुरट, थोडा कडू. ओळीच्या शेवटापर्यंत गेले आणि परत आले. सगळे कप सारखे. आता कुणावर संशय घ्यायचा? खोलीत मांजर नव्हती, काका नव्हते, साहेब नव्हते. परीक्षकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं.

तिसऱ्यांदा ओळीने जाताना माझ्या लक्षात आलं की मी चाखतच नाहीये. मी कपांचे कान बघत होते. एखादा कुठे वाकडा आहे का, ते शोधत होते.

मी तिथेच उभी राहिले. जानेवारीभर रोज एक कान वाकडा. माझा हात आधी तिकडेच जायचा. तोच कप खराब निघायचा; गाळतानाच तिला वास कळत असणार. मी म्हणायचे, माझं नाक. मग मी पट्टी घेऊन सगळे सरळ करायला लावले, आणि त्या दिवसापासून मला एकही खराब कप सापडला नाही. असू दे ना एखादा वाकडा, असं ती म्हणाली होती. गयावया करत होती, आणि मी सगळ्यांदेखत तिला गप्प केलं होतं.

मी वाकले आणि एका कपात जवळजवळ नाक बुडवलं. वाफ लागली. गरम, ओली. बस्स. किती दिवस झाले असतील? दूध, पोराचा डायपर, ह्यांचा रुमाल, ती काळी बाटली, एकामागून एक सगळं येऊन उभं राहिलं. मला भीती वाटली. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि लाज त्याहून जास्त.

अंदाजाने चार आकडे सांगता आले असते. कदाचित एखादा बरोबरही आला असता. मी चमचा टेबलावर ठेवला. परीक्षक म्हणाले, "सावकाश बघा, बाई."

मी म्हटलं, "मला यातलं काहीच ओळखता येत नाही. मला वास येत नाही."

मग साहेबांकडे गेले. सर्दीपासून सगळं सांगितलं. वाकड्या कानांचंही सांगितलं. म्हटलं, माझे जानेवारीपासूनचे सगळे गुण रद्द करा. चहाला दिलेले, आणि तिला दिलेलेही. मोडक्या तराजूवर तोललेलं धरायचं नसतं. ती भरवशाची नाही असं मी लिहिलं, आणि दोन महिने ही खोली तिच्याच भरवशावर चालली.

साहेबांनी गुणांची वही उघडून जानेवारीची पानं चाळली. त्यांनाही ही गोष्ट नवी असावी असं वाटलं. खात्री नाही. शेवटी म्हणाले, "तिला परत घ्यायला माझी हरकत नाही. पण कालच मी माणूस पाठवला होता, एका पेटीबद्दल विचारायला. तिने दार उघडलं नाही. पुन्हा यायची नाही ती." मग विचारलं, "बाई, दोन महिन्यांत तुम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?"

मी तो प्रश्न घेऊन घरी आले.

२ मार्च

तोच प्रश्न ह्यांना विचारला. हे भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तू मला नापास केलंस. तिसऱ्यांदा बसायची हिंमत झाली नाही."

"आणि ती दारात आली होती ते?"

"हेच सांगायला आली होती. म्हणाली, बाईंना डॉक्टरकडे न्या, पण मी सांगितलं म्हणू नका. मला म्हणाली, तोवर मी सांभाळून घेते." मग थोड्या वेळाने, "सुनेला वाटलं होतं तूच ओळखशील. मला वाटलं होतं सून सांगेल. असं करत करत राहिलं."

सून स्वयंपाकघरात होती. मी जाऊन म्हटलं, त्या वांग्याच्या भाजीचे तीन गुण मागे घेते. ती म्हणाली, "मग किती देता?" मी म्हटलं, "आता मला कळत नाही गं." तिने गॅस बारीक केला आणि मला जवळ घेतलं. एवढं चांगलं वागायला मी तिला आजवर जागाच ठेवली नव्हती.

४ मार्च

मांजरीकडे गेले. किटलीकाकांनी पत्ता दिला, आणि पत्ता देताना प्रथमच नीट बोलले. जिना अरुंद. वर एकच खोली. ती आणि तिची आई. आई खाटेवर पडून होती. मला बघून उठायला लागली, तर मी नको म्हटलं. मांजरीने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. परीक्षेत काय झालं, साहेबांना काय सांगितलं. म्हटलं, तुझी जागा परत तुझी आहे, उद्यापासून ये. माझ्यावर विश्वास बसत नसेल तर साहेबांनी कागद दिलाय. तिने कागद घेतला, नीट वाचला, घडी करून आईच्या उशाशी ठेवला. येते किंवा नाही, काहीच म्हणाली नाही.

मी विचारलं, "तुला साहेबांना सांगता आलं असतं. रॉकेलच्या पेटीपुढेच सांगता आलं असतं. नोकरी वाचली असती. माझी खुर्चीही मिळाली असती. का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग वाटलं पुढच्या आठवड्यात जाईल. खुर्ची अशी घ्यायची नव्हती मला."

"मग मला तरी सांगायचं होतंस."

यावर तिने आईकडे बघितलं. आई भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, मी गेल्यावर या दोघी याच प्रश्नावर हसतील.

मी म्हटलं, "सांग. आजवर मीच सगळ्यांना गुण देत आले. मला कुणी दिले नाहीत. माझ्याबद्दल तुझं काय मत आहे, ते खरं खरं सांग. नाकाचं सोड, ते गेलं. बाकीचं सांग."

चांगला चाखणारा घोट तोंडात धरून थांबतो, तशी ती थांबली. मग विचारलं, "बाई, राग नाही ना येणार?"

ह्यांनीही आयुष्यभर बोलायच्या आधी हेच विचारलं आहे. सूनही विचारते. किटलीकाकाही. मी दरवेळी नाही म्हणत आले आणि दरवेळी मला राग आला.

आताही येत होता. अजून ती काही बोललीही नव्हती तरी आतून वर चढत होता. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "येईल. तरी सांग."

तिने बोलायला सुरुवात केली.